हान्नाम-दोंग : वेशीबाहेरची श्रीमंती

सोलमधल्या भारतीय दूतावासाचा पत्ता असा आहे : १०१, दोकसॉदांग-रो, योंगसान-गु. ‘गु’ म्हणजे महापालिकेचा विभाग आणि ‘रो’ म्हणजे मोठा रस्ता. उरला दोकसॉदांग. या शब्दाचा अर्थ ‘वाचनाचा वाडा’. अनोळखी शहराचा नकाशा समोर आला की मी आधी पाट्यांवरची नावं वाचतो. पन्नाशीनंतर हांगुलची अक्षरं गिरवायला घेतली तीही याच खोडीपायी. ज्या रस्त्यावर आज वकिलाती, परदेशी शाळा आणि उंच कुंपणांची घरं आहेत, त्याला वाचनाच्या वाड्याचं नाव कसं पडलं, हे शोधता शोधता त्या पेठेचा सहाशे वर्षांचा इतिहास हाती लागला. पेठेचं नाव हान्नाम-दोंग. (‘दोंग’ला आपल्याकडची पेठ म्हणायला हरकत नाही.) आज ही कोरियातल्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक मानली जाते आणि सर्वांत ‘आंतरराष्ट्रीय’ वस्त्यांपैकीही एक. ही दोन विशेषणं एकमेकांशी कशी जोडली गेली, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी वाचनाचा वाडा. राजा सेजोंग याने १४२६ साली एक विलक्षण प्रथा सुरू केली. दरबारातल्या निवडक तरुण अधिकाऱ्यांना कामातून मोकळं करायचं आणि फक्त वाचायला रजा द्यायची. ही पगारी रजा होती. हाच सेजोंग पुढे हांगुल लिपीचा जनक ठरला. सुरुवातीला ही मंडळी घरी किंवा डोंगरातल्या मठात बसून वाचत. नंतर त्यांच्यासाठी खास वास्तू बांधल्या गेल्या आणि १५१७ साली हान नदीच्या काठावर, आजच्या हान्नामच्या पूर्वेला, ‘दोंगहो’ नावाच्या जागी वाचनाचा वाडा उभा राहिला. दोंगहो म्हणजे पूर्वेचं सरोवर. तिथे नदीचं पात्र इतकं रुंद आणि संथ आहे की लोक तिला सरोवरच म्हणत. यी ई हा थोर विचारवंत याच वाड्यात होता आणि राज्यकारभारावरचा त्याचा ‘दोंगहो प्रश्नोत्तरे’ हा ग्रंथ १५६९ सालचा आहे. आजच्या ५,००० वॉनच्या नोटेवर चित्र आहे ते त्याचंच. मी जिथे नोकरी केली तिथे वाचनासाठी रजा मागितली असती तर साहेबांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. असो. १५९२ साली जपानी आक्रमणात तो वाडा जळाला. नाव तेवढं रस्त्याला राहिलं.

वाडा नदीकाठी, म्हणजे शहराबाहेर होता, ही गोष्ट महत्त्वाची. जोसॉन राजवटीची राजधानी हान्यांग म्हणजे आजच्या सोलचं हृदय. तिला तटबंदी होती आणि दक्षिणेकडची तटबंदी नामसान डोंगरावरून जात होती. नामसान म्हणजेच ‘दक्षिणेचा डोंगर’. डोंगराच्या अलीकडे राजवाडा, बाजार, सरदारांचे वाडे. पलीकडे उतार, मग नदी. हान नदीतलं ‘हान’ आणि नामसानमधलं ‘नाम’ घेऊन हान्नाम झालं. नावातच पत्ता आहे : डोंगर आणि नदी यांच्यामधली जागा.

वेशीबाहेर गावं जे ठेवतात तेच इथे होतं. नदी ओलांडायला तर लागे; दक्षिणेकडे जाणारा माणूस इथल्या धक्क्यावर यायचा. या धक्क्याला ‘हानगांगजिन’ म्हणत आणि मेट्रोच्या सहाव्या मार्गावरच्या स्थानकाला आज तेच नाव आहे. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी सरकारी धर्मशाळा होती; अशा धर्मशाळेला ‘वॉन’ म्हणत आणि शेजारच्या इतेवॉन पेठेच्या नावातलं ‘वॉन’ ते हेच. पाऊस पडेना की राजाच्या वतीने जिथे आराधना व्हायची ती वेदी, म्हणजे उसादान, याच उतारावर होती. जपानी अमलात इथे सार्वजनिक स्मशानभूमी आली. १९१९च्या स्वातंत्र्य चळवळीतली शाळकरी हुतात्मा यू ग्वान-सुन १९२० साली तुरुंगात वारली, तेव्हा तिला इथेच पुरलं. पुढे शहर वाढवायचं म्हणून सरकारने ही स्मशानभूमी हलवली, त्या उलथापालथीत तिची कबर हरवली ती हरवलीच. कोरियात प्रत्येक शाळकरी मुलाला जिचं नाव पाठ आहे तिच्या अस्थी कुठे आहेत हे कुणाला सांगता येत नाही, आणि त्या जमिनीच्या आसपास आज जगभरचे पर्यटक रात्री जेवायला येतात.

आता एक विरोधाभास. कोरियन भूमीशास्त्राचा एक जुना नियम आहे, ‘बेसान-इम्सु’ : पाठीशी डोंगर, पुढ्यात पाणी, अशी जागा घराला उत्तम. हान्नामइतकी या नियमात बसणारी जागा सोलमध्ये दुसरी सापडणं कठीण. आज घरांचे दलाल याचा जप करतात. पण पाचशे वर्षं डोंगर तोच होता आणि पाणीही तेच. मग इथे सरदारांनी वाडे का बांधले नाहीत? कारण राजवाडा डोंगराच्या पलीकडे होता. जमिनीला शुभ ठरवणारी गोष्ट म्हणजे सत्ता जवळ असणं. डोंगर-पाण्याचं शास्त्र मागाहून येतं, असं माझं मत झालं आहे.

सत्ता इथे आली ती परकी होऊन. फेब्रुवारी १९०४मध्ये रशियाशी युद्ध सुरू होताच जपानने कोरियाच्या दरबाराकडून लष्करी गरजेसाठी जमिनी घेण्याचा करार पदरात पाडून घेतला आणि योंगसानचा विस्तीर्ण सपाट प्रदेश लोकांकडून काढून घेऊन छावणी वसवली. १९४५ साली जपानी गेले, अमेरिकन आले, आणि छावणीचं फाटक तेच राहिलं. शहराच्या मधोमध सुमारे अडीचशे हेक्टरचा हा तुकडा शंभरहून अधिक वर्षं सामान्य कोरियन माणसाला बंद होता. आपल्याकडे कॅम्प म्हटलं की पुणे-खडकी आठवते. पण आपला कॅम्प गावाच्या कडेला होता, आणि योंगसान शहर वाढत गेल्यावर त्याच्या पोटात आलं. अमेरिकी सैन्याचं मुख्यालय २०१८ साली दक्षिणेला प्योंगतेकला हललं, तोवर ही छावणी हान्नाम आणि इतेवॉनची शेजारीण होती.

छावणीशेजारी जे उगवतं ते उगवलं. इतेवॉनमध्ये शिंपी, दारूचे गुत्ते, डॉलर बदलून देणारे, वेश्यावस्ती. इतेवॉनच्या नावाबद्दल एक दंतकथा सांगतात : जपानी आक्रमणात सैनिकांनी इथल्या मठातल्या भिक्षुणींवर बलात्कार केले, त्यांना झालेल्या मुलांसह त्या इथेच राहिल्या, म्हणून ‘परक्या गर्भाची धर्मशाळा’. सरकारी कागदांत मात्र नावातलं अक्षर नाशपातीच्या झाडाचं आहे. दंतकथा खरी की खोटी यापेक्षा ती टिकली याला अर्थ आहे. परका माणूस आणि त्याच्याबरोबर येणारी लाज, हे दोन्ही लोकांनी या जागेच्या नावात ठेवून दिलं.

छावणीच्या दुसऱ्या अंगाला, हान्नामच्या टेकाडावर, वेगळ्या परदेशी माणसासाठी वेगळी वस्ती आली. युद्धानंतर, १९५०च्या दशकात, संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या माणसांना राहायला घरं नव्हती. सोल जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं. तेव्हा नदीकडे तोंड करून ‘यूएन व्हिलेज’ बांधलं गेलं. त्याच्या आसपास वकिलाती आल्या, मग मंत्र्यांची आणि सेनाधिकाऱ्यांची सरकारी निवासस्थानं आली. सुरक्षेसाठी रस्त्यांवर पहारे आले. पहारा आहे म्हटल्यावर कारखानदारांनाही तिथेच राहावंसं वाटू लागलं.

आणखी एक हिशेब होता. कोरियात घर भाड्याने घेण्याची जुनी पद्धत ‘जॉन्से’. भाडेकरूने घराच्या किमतीच्या निम्मी किंवा त्याहून मोठी रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची, दर महिन्याला काही द्यायचं नाही आणि मुदत संपली की रक्कम जशीच्या तशी परत घ्यायची. मुंबईत ‘हेवी डिपॉझिट’वर खोली घेतलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पण चार वर्षांसाठी आलेला परदेशी अधिकारी एवढी रक्कम कुठून आणणार? त्याचं घरभाडं त्याचं सरकार किंवा कंपनी देत असे. त्यामुळे इथे वेगळाच रिवाज पडला : एक-दोन वर्षांचं भाडं आगाऊ, एकरकमी. मालकाला अनामत परत करायची चिंता नाही, भाडं बुडायची भीती नाही, आणि भाडेकरू ठरलेल्या दिवशी देश सोडून जाणार ही खात्री. ज्यांच्याकडे इथे घर होतं त्यांना परदेशी माणूस म्हणजे दुभती गाय होती.

या सुमारास भारताचं कोरियाशी नातं कसं होतं, ते सांगायला हवं, कारण त्यात एक मराठी माणूस आहे. १९५३ साली युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. त्यांच्या राखणीसाठी भारतीय फौज गेली. तिचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा नेहरूंच्या भारतावर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा राग होता. भारतीय सैनिकाला आपल्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. शेवटी अमेरिकी हेलिकॉप्टरांनी आपल्या जवानांना थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथे त्यांनी वसवलेल्या छावणीचं नाव ‘हिंद नगर’. भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध आले ते १९७३ साली. ज्या देशाच्या सैनिकाला जमिनीवर उतरू दिलं नाही त्याची वकिलात आज वाचनाच्या वाड्याच्या रस्त्यावर आहे.

१९७२ साली नामसानच्या कुशीत परदेशी लोकांसाठी सोळा आणि सतरा मजल्यांच्या दोन इमारती उभ्या राहिल्या. लिफ्ट, गरम पाणी, नदीचं दृश्य. आपल्याला परदेशी लोकांना असं ठेवता येतं, याचा तेव्हाच्या पार्क चुंग-ही सरकारला अभिमान होता. नंतर लोकांना तो डोंगर दिसेना म्हणून त्याच इमारती डोळ्यांत खुपू लागल्या. सोलला राजधानी होऊन सहाशे वर्षं झाली, त्या निमित्ताने २० नोव्हेंबर १९९४ रोजी त्या सुरुंग लावून पाडल्या गेल्या आणि साऱ्या देशाने तो सोहळा दूरचित्रवाणीवर पाहिला. तिथे आता झाडं आहेत. नामसान झाकला जाऊ नये म्हणून आसपासच्या बांधकामांवर उंचीची मर्यादा आली. हान्नामची श्रीमंती बसकी का दिसते याचं हे एक कारण. दुबई किंवा वरळीसारखे मनोरे शोधाल तर सापडणार नाहीत. घरं उतारावर, झाडांमागे, भिंतींमागे आहेत, आणि पैशाची मोजणी उंचीत न होता दृश्यात होते. २००५ साली देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांच्या नव्या बांधकामाने आपल्या घरातून दिसणारी नदी झाकली जाते म्हणून शेजारी राहणारे नूडल कंपनीचे मालक कोर्टात गेले होते. पुढे समझोता झाला.

इथे गंगनाम आणि हान्नाम यांतला फरक सांगितला पाहिजे. ‘गंगनाम स्टाइल’ गाण्यामुळे आपल्याकडे सोलची श्रीमंती म्हणजे गंगनाम असं समीकरण झालं आहे. गंगनाम म्हणजे ‘नदीच्या दक्षिणेला’, आणि ते शेतजमिनीतून उभं राहिलं. त्याची सुरुवातही हान्नामच्या पायथ्याशीच झाली : जिथे तर होती तिथेच १९६९ साली पूल झाला, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाशी १९७० साली बुसानला जाणारा द्रुतगती महामार्ग जोडला गेला. पुलावरून मध्यमवर्ग पलीकडे गेला. सरकारने नावाजलेल्या शाळा पलीकडे हलवल्या, शिकवण्या निघाल्या, अपार्टमेंटच्या रांगा उठल्या. गंगनामची श्रीमंती परीक्षा पास होऊन आलेली आहे. हान्नाममध्ये शिकवण्यांची गल्ली नाही. इथल्या पोराला तिची गरज पडत नसावी.

तरीही हान्नामचा आजचा भाव जुन्या श्रीमंतांमुळे चढलेला नाही. २००४ साली सॅमसंगच्या प्रतिष्ठानाने लिउम हे कलासंग्रहालय इथे उघडलं. मारिओ बोत्ता, ज्याँ नुवेल आणि रेम कूल्हास या तीन जगप्रसिद्ध वास्तुविशारदांनी त्याचे तीन भाग उभारले. २००७ साली दानकुक विद्यापीठ इथून शहराबाहेर गेलं आणि त्याच्या जागेवर ‘हान्नाम द हिल’ नावाचा गृहप्रकल्प आला. ३२ इमारती, ६०० घरं. त्या काळी नव्या घरांच्या विक्रीच्या किमतीवर सरकारी मर्यादा होती. बिल्डरने यावर तोड काढली : घरं विकायचीच नाहीत, २००९ साली आधी भाड्याने द्यायची आणि काही वर्षांनी त्याच भाडेकरूंना विकायची. भाड्याच्या घरांना किमतीची मर्यादा लागू नव्हती. गरिबांच्या सोयीसाठी केलेला भाड्याच्या घरांचा कायदा देशातल्या सर्वांत महागड्या घरांच्या कामी आला. २०२२ साली यातलं एक घर ११ अब्ज वॉनना विकलं गेलं, म्हणजे आपले पासष्ट-सत्तर कोटी रुपये. पुढे परदेशी लोकांच्या जुन्या वसाहतीच्या जागेवर ‘नाइन वन हान्नाम’ आलं आणि के-पॉपमधले तारे इथे घरं घेऊ लागले.

विद्यापीठ, परदेशी वसाहत, छावणी; या सगळ्या सलग, मोठ्या, एका मालकाच्या जमिनी होत्या. शहरात इतरत्र जमिनीचे तुकडे पडत असताना इथल्या जमिनी परक्यांच्या ताब्यात किंवा संस्थांच्या नावावर गोठून राहिल्या. ज्यांच्यासाठी त्या राखल्या ते निघून गेले तेव्हा शहराच्या मधोमध मोठाले रिकामे पट्टे विक्रीला आले. हान्नामच्या श्रीमंतीचं रहस्य मला इथे दिसतं.

२०२२ साली राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी आपलं कार्यालय निळ्या महालातून योंगसानच्या संरक्षण मंत्रालयात आणलं आणि हान्नाममधलं परराष्ट्रमंत्र्यांचं निवासस्थान राहायला घेतलं. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला, संसदेने तो काही तासांत उलटवला, महाभियोग झाला, आणि त्यांना अटक करायला गेलेल्या अधिकाऱ्यांना ३ जानेवारी २०२५ रोजी त्यांच्या अंगरक्षकांनी परत पाठवलं. १५ जानेवारीला अटक झाली. मधल्या दिवसांत हान्नामच्या रस्त्यावर दोन जमाव ठाण मांडून होते, एक अटकेची मागणी करणारा आणि एक ती रोखू पाहणारा. बर्फ पडत होता. अटकेची मागणी करणाऱ्या तरुण मुली अंगाभोवती चंदेरी थर्मल कागद लपेटून रात्रभर रस्त्यावर बसल्या. चकचकीत वेष्टनातल्या चॉकलेटसारख्या दिसतात म्हणून लोकांनी त्यांना ‘किसेस’ हे नाव दिलं. इतक्या श्रीमंत वस्तीत त्यांना संडासाला जायला आणि ऊब घ्यायला दार उघडलं ते फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाने.

आतापर्यंत जे सांगितलं ते अर्धं हान्नाम. लिउमपासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्या टेकाडावर, सोलची मध्यवर्ती मशीद आहे. लोक तिला इतेवॉनची मशीद म्हणतात, पण सरकारी दप्तरी तीही हान्नाम-दोंगमध्येच येते. कोरियात इस्लाम आधुनिक काळात आला तो युद्धात लढायला आलेल्या तुर्की तुकडीबरोबर. मशिदीला मात्र तेलाने हात दिला. १९७३च्या तेलसंकटानंतर कोरियन कंपन्या आखाती देशांत रस्ते आणि बंदरं बांधायला निघाल्या. त्या देशांशी संबंध जुळावेत म्हणून पार्क सरकारने जमीन दिली, सौदी अरेबिया आणि इतर मुस्लिम देशांनी पैसा दिला, आणि मे १९७६मध्ये मशीद उघडली. ती ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव उसादान-रो, म्हणजे पावसाच्या वेदीचा रस्ता.

नव्वदच्या दशकात कारखान्यांना मजूर कमी पडू लागले तेव्हा पाकिस्तान, बांगलादेश, इंडोनेशिया, उझबेकिस्तान इथून माणसं आली. २००४ सालापासून परवान्यावर कामगार आणण्याची रीतसर योजना सुरू झाली. भारत त्या योजनेत नाही. म्हणून या गल्लीत आपल्याला नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी भेटतात, आणि कोरियातला भारतीय बहुधा अभियंता, संशोधक किंवा विद्यार्थी असतो. पण डाळी आणि मसाले आणायला तोही याच चढावर येतो. हलाल खाटीक, तुर्की मिठाई, आफ्रिकी केशकर्तनालय, अरबी पुस्तकं, आणि खाली उतरलं की समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचे बार. ज्यांना उरलेल्या शहरात घर मिळत नव्हतं त्या सगळ्यांना इथे मिळालं, आणि कुणी कुणाला फारसं हटकलं नाही.

त्यांना घर का मिळालं? उदारपणा हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. २००३ साली महापालिकेने हा सगळा उतार ‘न्यू टाउन’ म्हणजे पुनर्विकासाचं क्षेत्र म्हणून जाहीर केला. घर पडणारच आहे म्हटल्यावर मालक डागडुजी करत नाही. छत गळतं, जिने मोडतात, भाडं उतरतं. आज पडेल, उद्या पडेल करता करता वीस वर्षं गेली. या वीस वर्षांच्या टांगणीवर स्थलांतरित मजूर, म्हाताऱ्या एकट्या बाया, कुंभारकाम आणि चित्रकला करणारी पोरं यांनी संसार मांडले. पर्यटकांना ‘रंगीबेरंगी’ वाटणारी ती गल्ली म्हणजे लांबलेल्या फाइलीचं फळ आहे.

मुंबईकर वाचकाला इथे चाळ आठवेल, आणि म्हणूनच फरक नीट लक्षात घ्यावा. मुंबईत उपकरप्राप्त जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात पागडीच्या भाडेकरूलाही नवं घर मिळतं. घर हे राहणाऱ्याचं, ही कल्पना आपल्या कायद्यात कशीबशी का होईना, शिरली आहे. सोलमध्ये पुनर्विकासाची सोसायटी मालकांची असते. भाडेकरूला घर बदलण्यापोटी चार महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आणि सरकारी भाड्याच्या घरावर हक्क मिळू शकतो, पण क्षेत्राची अधिसूचना निघण्याआधीपासून तो तिथे राहत असेल तरच. ज्या जागी अधिसूचना आणि पाडकाम यांच्यात वीस वर्षं जातात, तिथे बहुतेक भाडेकरू तारखेनंतरचेच असणार. दुकानदाराचं दुखणं आणखी वेगळं : चालतं दुकान घेताना आधीच्या दुकानदाराला दिलेली पागडी नुकसानभरपाईत धरतच नाहीत. याच योंगसान विभागात २० जानेवारी २००९ रोजी अशाच भरपाईसाठी एका इमारतीच्या गच्चीवर चढून बसलेल्या भाडेकरूंवर पोलिसांनी धाड घातली, आग लागली, पाच आंदोलक आणि एक पोलीस मेला. सोलमध्ये पुनर्विकास म्हटलं की लोकांना ती गच्ची आठवते.

त्यानंतर शेजारच्या गल्लीत दुसरं मरण झालं. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी हॅलोवीनच्या गर्दीत इतेवॉनच्या एका उतरत्या बोळात माणसं माणसांखाली चेंगरली. बोळ सर्वांत अरुंद जागी अवघा ३.२ मीटर रुंद. मृतांचा आकडा १५९ झाला. बहुतेक विशीतले, सव्वीस जण परदेशी. संध्याकाळपासून लोक पोलिसांना फोन करून सांगत होते. या दुर्घटनेआधी दोनच वर्षं ‘इतेवॉन क्लास’ मालिका आपल्याकडच्या मुलांनीही डोक्यावर घेतली होती; तिच्यात याच रस्त्यांवर कुणालाही नव्याने सुरुवात करता येते असं दाखवलं होतं. त्यानंतर इतेवॉनचा धंदा बसला आणि दुकानं रिकामी पडली. पुनर्विकासाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक मुद्दा मिळाला : या गल्ल्या अरुंद आहेत, धोक्याच्या आहेत, त्या पाडल्याच पाहिजेत. गल्ल्या अरुंद आहेत हे खरंच. पण त्या रात्री कमी होती ती गर्दी वळवणाऱ्या पोलिसांची, आणि त्यांची संख्या रस्ता रुंद करून वाढत नाही.

हान्नामच्या पुनर्विकासाचं सर्वांत मोठं क्षेत्र तिसऱ्या क्रमांकाचं. २०२० साली ह्युंदाईच्या बांधकाम कंपनीला ते काम मिळालं. तेव्हा सुमारे ५,८०० घरांचा आराखडा होता, आणि नामसान झाकायचा नाही म्हणून इथेही उंचीला लगाम आहे. २०२३च्या अखेरीपासून लोक घरं सोडू लागले. तिकडे रिकाम्या झालेल्या घराच्या दारावर ‘गोंगा’ म्हणजे ‘रिकामं घर’ असं लिहितात, वीज आणि पाणी तोडतात, आणि गल्लीत एक-दोन घरं अजून नांदती असली तरी रात्री दिवे त्यांचेच दिसतात. मालकांपैकी पुष्कळजण कित्येक वर्षांपूर्वीच गंगनामला राहायला गेलेले. सोडून जाणारे बहुतेक भाडेकरू.

मशीद जागेवर आहे. शुक्रवारी दुपारी हानगांगजिन आणि इतेवॉन या दोन स्थानकांवरून लोक चढ चढून येतात. त्यांतले पुष्कळजण आता इथे राहत नाहीत. आन्सानसारख्या कारखान्यांच्या गावांतून मेट्रोने दीड-दोन तास प्रवास करून येतात, नमाज झाला की परतीच्या आधी मटण आणि मसूर घेतात, आणि पिशव्या सांभाळत उतरतात.